इंजिन नवं, फटके जुने
(अभ्यासवर्गातलं भाषण)

रशिया म्हटलं की आपण थेट १९१७ वर उडी मारतो. मी आज त्याच्याही वीस-पंचवीस वर्षं मागं जाणार आहे. लेनिनबद्दल नाही, झारच्या अर्थमंत्र्याबद्दल बोलणार आहे. कारण एक गोष्ट आपल्याला शाळेपासून पढवली जाते : रेल्वे आली, कारखाना आला की माणसामाणसांतल्या जुन्या पायऱ्या आपोआप मोडतात. हे नाणं खरं की खोटं, ते रशियावर वाजवून बघू.

सर्गेई विट्टे. रेल्वेच्या नोकरीतून वर चढलेला माणूस. १८९२ ते १९०३ अर्थमंत्री. शेतीवर जगणारा देश यंत्रावर न्यायचा, आणि तो सरकारनं न्यायचा, हा त्याचा हिय्या. १८९१ साली सुरू झालेला सैबेरियाचा लोहमार्ग त्यानं रेटला. परदेशी मालावरची जबर जकात राखली. १८९७ साली रुबल सोन्याला बांधला, म्हणजे परदेशी भांडवलदारांना पैसा बुडायची धास्ती नको. दहा वर्षांत रेल्वे सुमारे ३०,००० किलोमीटरवरून ५०,००० च्या पुढं गेली. बाकूचं तेल, दोनेत्स खोऱ्यातला कोळसा, पीटर्सबर्गचे कारखाने. हे सगळं खरं आहे. त्याला नाक मुरडायचं कारण नाही.

मी एवढंच विचारतो, पैसा कुणाच्या खिशातून गेला?

१८६१ साली भूदास मुक्त झाले, असं इतिहासात छापलेलं असतं. झाले मुक्त, पण जमिनीची किंमत लावून. सरकारनं जमीनदाराला मोबदला दिला आणि शेतकऱ्याच्या मानेवर ४९ वर्षांचे हप्ते बसवले. ज्या जमिनीत बापजाद्यांचा घाम जिरला, तीच विकत घ्या! वर साखर, काडेपेटी, रॉकेल, तंबाखू, सगळ्यांवर कर. १८९० च्या दशकात सरकारनं व्होडकाचा धंदाही हातात घेतला. म्हणजे माणूस दारू प्याला तरी गल्ला सरकारचा. हप्ते आणि कर भरायला शेतकरी धान्य विकणार, ते धान्य परदेशी जाणार. विट्टेच्या आधीचा अर्थमंत्री विश्नेग्राद्स्की, आपण अर्धपोटी राहू पण निर्यात करू, अशा अर्थाचं बोलल्याचं सांगतात. यातला ‘आपण’ कोण? १८९१-९२ च्या दुष्काळानं आणि पाठोपाठच्या पटकी-टायफसनं ते दाखवलं. लाखो माणसं मेली.

बरं, गाव सोडून कारखान्यात आलेल्याचं काय झालं? तिथंच खरी मेख आहे. रशियात कायद्यानंच माणसांचे जन्मावरून थर पाडले होते : सरदार, धर्मगुरू, शहरी, शेतकरी. लेथवर उभा राहून इंजिनाचे भाग कातणारा गडी कागदोपत्री ‘शेतकरी’च राहायचा. त्याचा पासपोर्ट गावच्या हातात. बाकी थकली की पासपोर्ट अडकला. संप केला तर गुन्हा. आणि शेतकऱ्यांसाठी वेगळं कोर्ट, त्या कोर्टाला फटके मारायची शिक्षा देण्याचा अधिकार! सरदारांची पाठ १७८५ सालीच सुटली होती. शेतकऱ्याची सुटली १९०४ साली. रूळ पॅसिफिकच्या किनाऱ्याला टेकले तरी फटके चालूच होते.

विट्टेला हे कळत नव्हतं असं नाही. १८९८ साली त्यानं झारला लिहिलं की शेतकऱ्याला असं कायद्याच्या वेगळ्या कोंडवाड्यात ठेवून देश पुढं जाणार नाही. पण रुळांना जसा पैसा सुटला तसा माणसांना हुकूम सुटला नाही. यंत्र आणायला राजा तयार असतो. पायरी मोडायची म्हटलं की त्याचे हात थरथरतात.

मग पायरीला हात कुणी घातला? जानेवारी १९०५ मध्ये पीटर्सबर्गच्या पुतिलोव कारखान्यात संप पेटला. रविवारी हजारो कामगार अर्ज घेऊन झारच्या महालाकडं निघाले. अर्जात आठ तासांचा दिवस होता. पण तेवढंच नव्हतं. जमिनीचे हप्ते रद्द करा, मालावरचे कर काढून उत्पन्नावर कर लावा, कायद्यापुढं सगळे समान करा, हेही होतं. विट्टेच्या अख्ख्या हिशेबाला दिलेलं ते उत्तर होतं. सरकारनं गोळ्या घातल्या.

पण त्या वर्षी संप थांबले नाहीत, गावं पेटत राहिली. अखेर नोव्हेंबरमध्ये झारला हप्ते निम्मे करावे लागले आणि १९०७ पासून ते पुरते सोडून द्यावे लागले. दोस्तहो, हे इंजिनाच्या शिट्टीनं झालं नाही. इंजिन ज्यांनी घडवलं आणि त्याचा पैसा ज्यांनी भरला, ते रस्त्यावर आले तेव्हा झालं.