शरदातील कोकणचे ताट

कोकणाचे नाव निघाले की परमुलखातील मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे वैशाख उभा राहतो. आंब्याची अढी, फणसाचे गरे, करवंदांच्या जाळ्या आणि सुट्टीत माहेरी आलेल्या लेकीसुना, असे ते चित्र असते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. वैशाखातील कोकण फळांचे असते. अन्नाचे कोकण पाहावयाचे तर आश्विन-कार्तिकातच जावे लागते. चार महिने कोसळलेल्या पावसाने जे जे पेरून ठेवले ते ते या दोन महिन्यांत दारी येते. शेतात भात पिकतो, मांडवावर वेल लगडतात, आणि निवळलेल्या समुद्रातून मासळी किनाऱ्याजवळ येते. कोकणी माणसाच्या वर्षाचा जमाखर्च शरदात मांडला जातो. पाहुणा मात्र बहुधा तो पाहावयास नसतो.

यमुना आणि हिंडन या दोन नद्यांच्या मध्ये वसलेल्या नोएडातील एखाद्या मराठी कुटुंबाची कल्पना करावी. १७ एप्रिल १९७६ रोजी हे औद्योगिक नगर स्थापन झाले, आणि पुढे नोकरी-उद्योगाच्या निमित्ताने देशाच्या सर्व प्रांतांतून माणसे तेथे येऊन राहिली. त्यांत मराठी माणसेही आली. तेथील मुलाला भेंडी, फ्लॉवर, टोमॅटो, वाटाणा बारा महिने बाजारात दिसतात. कोणती भाजी कोणत्या ऋतूची, हे त्याने पुस्तकात वाचलेले असते. जिभेला ते ठाऊक नसते. दसरा-दिवाळीच्या सुमारास त्या नगरावर धुराचे मळभ दाटू लागते, आणि थोडी मोकळी हवा मिळावी म्हणून हे कुटुंब यमुना ओलांडून हजरत निजामुद्दीन स्थानकावर येते व कोकणाची गाडी धरते. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वेचा मार्ग संपूर्णपणे खुला झाला, तेव्हापासून हा प्रवास सोपा झाला आहे. बोगद्यांमागून बोगदे जातात, आणि दोन बोगद्यांच्या मधल्या उजेडात पिवळ्या पडलेल्या भातशेतीचे चौकोन दिसू लागतात.

मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर एखाद्या घरी उतरल्यावर पहिल्याच दिवशी एक प्रसंग ठरल्यासारखा घडतो. घरची बाई विचारते, “जेवायला काय करू?” आणि पाहुण्यांच्या तोंडून सवयीने पनीरचे नाव निघते. बाई “बरे” म्हणते. पाहुण्याचा शब्द मोडण्याची त्या प्रदेशात रीत नाही. पण ज्या घराच्या पडवीत तवशी टांगलेली आहेत, खळ्यात नवा भात पडला आहे, त्या घरात पनीर आणावयाचे म्हणजे बाजारचा रस्ता धरावा लागतो. शेकडो कोसांवरून आलेला पाहुणा घरी जे रोज खातो तेच येथेही मागतो, आणि जे केवळ येथेच व याच दिवसांत मिळावयाचे ते पडवीत टांगलेलेच राहते.

ते काय असते, हे पाहण्यासारखे आहे. प्रथम भात. कोकणी शेतकरी भाताचे हळवे, निमगरवे आणि गरवे असे तीन प्रकार मानतो. हळवे आधी पिकते व दसऱ्याच्या सुमारास कापणीला येते. गरव्याला दिवाळी उलटावी लागते. नवे पीक घरात घेण्याचाही एक संस्कार आहे. भाताची लोंबी, नाचणीचे कणीस, आंब्याचे पान आणि कुर्डूचे फूल यांची जुडी करून ती दारावर बांधतात. यालाच नवे बांधणे म्हणतात. कोठे हे दसऱ्याला होते, कोठे आश्विनी पौर्णिमेला. म्हणून त्या पौर्णिमेला नव्याची पौर्णिमा असेही नाव पडले आहे. नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान होते, पायाच्या अंगठ्याने कडू कारीट फोडले जाते, आणि मग घरोघर पोहे होतात. नवा भात भिजवून, भाजून, कांडून केलेले हे पोहे असतात. गुळाचे, दह्याचे, ओल्या खोबऱ्यात दडपलेले, चिंचेचा कोळ घालून नारळाच्या रसात भिजविलेले, अशा त्यांच्या कितीतरी तऱ्हा. सोबत काळ्या वाटाण्याचे सांबारे असते. शेजारच्या गोव्यातही त्या सकाळी फोवांचाच मान असतो. शहरातील दिवाळी चकली-चिवड्याच्या डब्यांनी ओळखली जाते. कोकणातील दिवाळी आजही शेतातून घरात आलेल्या पहिल्या धान्याची आहे.

भातानंतर परसू. तवसे म्हणजे पावसाळी मोठी काकडी. वेलावर ती जून झाली म्हणजे आढ्याला टांगून ठेवतात, आणि ती पुष्कळ दिवस टिकते. तिचा कीस, तांदळाचा रवा, गूळ व खोबरे एकत्र करून, खाली हळदीचे पान घालून, वरखाली निखारे ठेवून भाजले की धोंडस तयार होते. लाल भोपळ्याचे घारगे होतात. चिबूड नुसते गुळाबरोबर खातात. सुरण, करांदे, कणगरे ही कंदमंडळी जमिनीतून वर येऊ लागतात. यांतील एकाही पदार्थाला दूरच्या बाजारपेठेची वाट माहीत नाही. चिबूड पिकले की फुटते; ते मुंबईपर्यंतही धड पोचत नाही. म्हणून ज्याला ते खावयाचे असेल त्याने त्याच्या गावी जावे, हेच योग्य.

तिसरे दालन समुद्राचे. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना पश्चिम किनाऱ्यावर मासेमारीची बंदी असते. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहून कोळी व गाबीत होड्या लोटतात, आणि आश्विनापर्यंत समुद्र चांगला स्थिरावतो. पावसाळ्यात खालचे सत्त्वयुक्त पाणी वर आलेले असते, त्यावर सूक्ष्म जीव पोसलेले असतात, आणि त्यांच्या मागोमाग बांगडा व तारली यांचे थवे किनाऱ्याकडे येतात. मालवणच्या पुळणीवर या दिवसांत रापण पाहावयास मिळते. होडीने समुद्रात अर्धवर्तुळ धरून जाळे सोडावयाचे, आणि त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावरून माणसांनी ओढावयाची. जो ओढील त्याला वाटा, हा या पद्धतीचा जुना न्याय. असा ताजा बांगडा तिरफळ आणि सोले घालून शिजविला, वर उकड्या तांदळाचा भात वाढला, म्हणजे जेवणाऱ्याला दुसऱ्या कशाची आठवण होत नाही.

येथे शास्त्राची एक गंमत आहे. चरकसंहितेत ऋतुचर्येचा जो अध्याय आहे त्यात शरद हा पित्तप्रकोपाचा काळ मानला आहे. त्या काळी तांदूळ खावा, दिवसा सूर्याने तापलेले व रात्री चंद्राने निवविलेले हंसोदक प्यावे, असे सांगितले आहे. पण त्याच ठिकाणी दही आणि पाण्यातील प्राण्यांचे मांस वर्ज्य ठरविले आहे. किनाऱ्यावरील माणसाने या उपदेशातील तांदूळ मनःपूर्वक स्वीकारला, आणि उरलेला भाग नम्रपणे बाजूला ठेवला. समुद्र दाराशी मासळी आणून टाकीत असता त्याने तरी दुसरे काय करावे?

परंतु हे सारे केवळ जिभेचे कौतुक नव्हे. ज्या गावात पाहुणा उतरतो त्या गावाचे पोट त्याच्या मागणीशी बांधलेले असते. १९८१ साली सिंधुदुर्ग जिल्हा निर्माण झाला, आणि १९९७ साली तो पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला. पाहुणे वाढले, खाणावळी वाढल्या. मात्र त्यांच्या स्वयंपाकघरात शिजणारी भाजी पुष्कळशी कोल्हापूर-बेळगावकडून घाट उतरून येते. म्हणजे पाहुण्याने दिलेला पैसा किनाऱ्यावर क्षणभर टेकतो आणि पुन्हा घाट चढून जातो. पडवीतील तवसे कोणी मागितले नाही, तर पुढल्या मृगाला त्याचे बी टोचण्याचा उत्साह घरच्या बाईला कोठून राहावा? पेजेसाठी लावला जाणारा लाल तांदूळ कोणी विचारला नाही, तर चिखलात उभे राहून तो कोणी लावावा? बियाणे कोठारात नुसते पडून टिकत नाही. ते दरवर्षी पेरले गेले तरच टिकते. आणि पेरले जाते ते खाणारा असतो म्हणून.

शिवाय शरद नेहमीच दयाळू असतो असे नाही. २०१९ सालच्या ऑक्टोबरात, ऐन दिवाळीच्या तोंडावर, अरबी समुद्रात ‘क्यार’ चक्रीवादळ उठले. कापून आडवा पडलेला भात शेतातच भिजला आणि कित्येक ठिकाणी त्याला कोंब फुटले. त्या वर्षी पोह्यांची ती पहाट अनेक घरांत उदास गेली. पाहुण्याच्या पानात पडणाऱ्या मुठभर नव्या पोह्यांमागे परतीच्या पावसाचे असे भय उभे असते. हे ज्याला कळले त्याला त्यांची गोडी अधिक लागेल.

म्हणून शरदात कोकणात जाणाऱ्याने एक साधा नियम पाळावा. “अमुक मिळेल का?” असे न विचारता “आज घरात काय आहे?” असे विचारावे. पहिल्या प्रश्नाने यजमानीण बाजाराकडे धावते. दुसऱ्याने तिचा चेहरा उजळतो. ती आढ्याकडे पाहते, परसवाकडे पाहते, आणि थोड्या संकोचाने म्हणते, “आहे आपले साधेच. चालेल ना तुम्हाला?” ते साधे हेच त्या प्रवासाचे खरे फळ असते. मूल पहिल्या दिवशी धोंडस बोटाने ढकलील, दुसऱ्या दिवशी चाखील, आणि तिसऱ्या दिवशी बहुधा दुसऱ्यांदा मागील.

सुट्टी संपते, आणि कुटुंब पुन्हा नोएडात येते. पिशवीत पोहे असतात, सोले असतात, चार नारळ असतात. पण याहून मोलाची एक गोष्ट सोबत आलेली असते, ती म्हणजे ऋतू ओळखण्याची सवय. रस्त्याच्या कडेला हातगाडीवर ओले शिंगाडे मांडलेले दिसतात. ते तळ्यातून याच दिवसांत निघतात. कोवळा मुळा आलेला असतो, भाजलेल्या रताळ्यांचा वास दरवळतो. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी व्रजभूमीत आणि तिच्या आसपास अन्नकूट होतो. ऋतूतील मिळतील तितक्या भाज्या एकत्र शिजवून देवाला दाखवितात व मग वाटून खातात. कोकणातील नव्या पोह्यांचे आणि या अन्नकूटाचे नाते उघड आहे. जे या भूमीने आत्ता दिले ते आधी कृतज्ञतेने पानात घ्यावे, असे दोघेही सांगतात.

किनाऱ्यावर नव्याची जुडी दारावर बांधलेली पाहून आलेल्या मुलाने यमुनेकाठच्या त्या गाडीपाशी थांबून, “हे शिंगाडे आत्ताच मिळतात का?” एवढे जरी विचारले, तरी त्याचा शरद सार्थकी लागला असे समजावे.