हॅवलॉकचा सीझन: स्कूबाची नोकरी कशी मिळते, आणि कशी जाते

(या भागाचं ऐकून उतरवलेलं रूप. बोलण्यातली वाक्यं शक्यतो तशीच ठेवली आहेत.)

समुद्राखालच्या कामाबद्दल मागे एकदा ओझरतं बोललो होतो, त्यानंतर इनबॉक्समध्ये एकच प्रश्न दहा प्रकारे आला. ‘दादा, अंदमानला स्कूबाचा जॉब कसा लागतो? राहणं-खाणं फ्री असतं म्हणे.’ तर आज फक्त तेवढंच. रील्समध्ये दिसतं ते निळं पाणी खरं आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या पाण्यापर्यंत टाक्या कोणीतरी उचलून नेतं, ते बोलूया.

मी देवबागचा. आमचे बाबा रापणीवर जायचे, त्यामुळे समुद्राची नवलाई घरात कोणालाच नाही. मी अंदमानला जातो म्हटल्यावर आई म्हणाली, ‘समुद्रच बघूचो हा, तर हयसर काय कमी हा?’ (हसतो) तिचं चूक नव्हतं. मालवणात सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्कूबा चालतं, तारकर्लीला एमटीडीसीची शिकवणारी संस्था आहे, मी पहिला कोर्स तिथल्याच पाण्यात केला. पण आपल्याकडे पाणी बरेचदा गढूळ. समोरचा माणूस तीन-चार मीटरवर धूसर होतो. आणि मला मोठा अनुभव हवा होता, म्हणजे खोल डाइव्ह, बोटीवरून उड्या, प्रवाह. म्हणून हॅवलॉक.

आता नावाने स्वराज द्वीप. 2018 पासून. पण तिथे काम करणारे अजूनही हॅवलॉकच म्हणतात. पोर्ट ब्लेअर, म्हणजे आताचं श्री विजय पुरम, तिथून बोटीने दोन-अडीच तास. बेटावर किनाऱ्यांना नंबर आहेत. गोविंद नगरचा बाजार तीन नंबरला, विजय नगर पाच नंबरला, आणि राधानगर सात नंबर, तोच तो फोटोतला. बहुतेक डाइव्ह सेंटर पूर्वेच्या बाजूला. गावात बंगाली कुटुंबं जास्त, फाळणीनंतर वसवलेली, त्यामुळे हिंदी आणि बांगला दोन्ही कानावर. मासे-भात मिळतो, एवढं मालवणी माणसाला पुरे.

सीझन साधारण ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात समुद्र खवळतो, पर्यटक कमी, बरीच सेंटर बंद किंवा अर्धी. म्हणून नोकरीचा मेसेज डिसेंबरमध्ये पाठवू नका. त्या वेळी मालकाला मेसेज वाचायलाही फुरसत नसते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पाठवा, तेव्हा ते माणसं जमवत असतात. मेसेजमध्ये ‘मला समुद्राची खूप आवड आहे’ हे नको. किती डाइव्ह झाले, शेवटचा कधी झाला, कोणतं सर्टिफिकेट, किती तारखेपासून किती तारखेपर्यंत थांबणार, कोणत्या भाषा येतात, एवढं पाच ओळींत. मराठी येतं हेही लिहा. मजा नाही करत. पुण्या-नाशिकचे पाहुणे खूप असतात, आणि घाबरलेल्या माणसाला त्याच्या भाषेत ‘काय नाय होत, माझ्याकडे बघा’ म्हणता येणं हे खरोखरचं कौशल्य आहे.

सर्टिफिकेटची पायरी पटकन सांगतो. ओपन वॉटर, मग ॲडव्हान्स्ड, मग रेस्क्यू, मग डाइव्हमास्टर. ओपन वॉटरवर 18 मीटर, ॲडव्हान्स्डवर 30. डाइव्हमास्टरसाठी वय 18 पूर्ण, सुरू करताना 40 डाइव्ह आणि संपताना 60. त्यात 400 मीटर पोहणं वेळ लावून मोजतात. इन्स्ट्रक्टर व्हायला 100 डाइव्ह लागतात. हे सगळं पाडीचं सांगतोय, एसएसआयचं थोडं वेगळं. आणि प्रोफेशनल झाल्यावर दरवर्षी नूतनीकरणाची फी भरावी लागते, ती हिशेबात धरत चला.

आता ‘फ्री’चं. इंटर्नशिप म्हणजे बहुतेक ठिकाणी असं, की कोर्स ते शिकवतात आणि बदल्यात तुम्ही सीझनभर राबता. वाईट नाही. मीही तसंच केलं. पण ‘किती महिने, आठवड्यात सुट्टी किती, स्वतःसाठी डाइव्ह किती, सर्टिफिकेटची फी कोण भरणार’ हे चार प्रश्न लेखी विचारा. व्हॉट्सॲपवर असलं तरी चालेल. माझ्या बरोबरच्या एका मुलाने सात आठवडे फक्त टाक्या भरल्या आणि वेटसूट धुतले. तो पाण्यात आठच वेळा गेला.

दिवस कसा असतो? अंदमानात उजाडतं फार लवकर, पाचला लख्ख. सहाला पहिली बॅच. ओहोटी असली की पाणी दूर सरकतं, मग टाकी पाठीवर घेऊन कोरल चुकवत चालायचं. सीझनचं ऐंशी टक्के काम, म्हणजे माझ्या अंदाजाने, ‘ट्राय डाइव्ह’. ज्याला पोहताही येत नाही त्याला अर्धा तास शिकवून पाण्यात न्यायचं, जास्तीत जास्त 12 मीटर. दोन नंबर किनाऱ्यावरचा निमो रीफ त्यासाठीच प्रसिद्ध. तोच रीफ, तेच मासे, दिवसातून चार वेळा. डिक्सन्स पिनॅकल, जॉनीज गॉर्ज वगैरे खोल जागा तुम्हाला आठवड्यातून एकदा मिळाल्या तरी नशीब. संध्याकाळी कान दुखतात. सर्दी झाली की पाण्यात जायचं नाही हा नियम आहे, आणि पगार दिवसावर असेल तर तो नियम पाळणं किती जड जातं ते तिथेच कळतं.

आता ज्यासाठी हा भाग करायचा होता, ते.

दुसऱ्या सीझनला मी डाइव्हमास्टर म्हणून एका सेंटरवर लागलो. नाव सांगणार नाही. महिना 15 हजार, खोली आणि जेवण. डिसेंबरचा शेवटचा आठवडा, बाहेर पाहुण्यांची रांग, आणि आमच्या एका इन्स्ट्रक्टरचा कान सुजलेला. मालक मला म्हणाले, ‘तू घेऊन जा ना एकाला. कोण विचारतंय?’ आता हे नीट ऐका. नवख्या माणसाला समुद्रात ट्राय डाइव्हला नेण्याचा अधिकार इन्स्ट्रक्टरचा असतो. डाइव्हमास्टर सर्टिफाइड लोकांना फिरवू शकतो, इन्स्ट्रक्टरला मदत करू शकतो. मला हे माहीत होतं. तरी मी गेलो. ‘नाही’ म्हणायला तोंड उघडलं नाही, आणि थोडा माजही होता की मला जमतं.

पाहुणे म्हणजे पन्नाशीतले काका, पुण्याचे. सहा मीटरवर त्यांच्या मास्कमध्ये पाणी शिरलं. त्यांनी तोंडातला रेग्युलेटर काढला आणि वर झेप घेतली. हे का भयंकर आहे? दहा मीटरवर दाब जमिनीवरच्या दुप्पट असतो, म्हणजे तिथे भरलेली हवा वर येताना दुप्पट फुगते. सहा मीटरवरून वर येतानाही ती दीडपटीहून जास्त होते. श्वास रोखून माणूस वर गेला तर फुप्फुस फाटू शकतं. आणि असं काही झालं तर रिकम्प्रेशन चेंबर आहे पोर्ट ब्लेअरला, नौदलाकडे. मध्ये अख्खा समुद्र.

मी त्यांचा बीसीडी धरला, माझा जादाचा रेग्युलेटर तोंडात दाबला, डोळ्यांत डोळे घालून बुडबुडे सोडायची खूण करत राहिलो. आलो हळूहळू वर. काका किनाऱ्यावर म्हणाले, ‘थोडं पाणी गेलं, पण मजा आली.’ पाचशेची नोट दिली. माझे हात रात्री जेवताना थरथरत होते, भात सांडत होता.

दुसऱ्या दिवशी मालक म्हणाले, आज दोघांना ने. मी नाही म्हटलं. ‘सीझनमध्ये नाटकं नकोत’ म्हणाले, आणि माझी बॅग दुपारपर्यंत बाहेर. बारा दिवसांचा पगार गेला. भांडलो नाही, कारण माझ्याकडे लेखी काहीच नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मी स्वतःच एक दिवस आधी तेच केलं होतं, त्यामुळे आवाज चढवायला जीभ रेटेना.

लॉगबुक घेऊन पाच नंबरपासून दोन नंबरपर्यंत चालत विचारत गेलो. चौथ्या ठिकाणी एक ताई होत्या, सेंटर त्याच चालवतात. त्यांनी विचारलं, आधीचं का सोडलं? मी जसं घडलं तसं सांगितलं, काकांसकट. त्या बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, ‘कॉम्प्रेसरवर माणूस हवाय. पाण्यात नंतर बघू.’ सहा आठवडे टाक्या भरल्या. मार्चमध्ये पाण्यात. पुढच्या वर्षी त्यांच्याच ओळखीने इन्स्ट्रक्टरचा कोर्स, कर्ज काढून.

म्हणून तुम्ही जाल तेव्हा कामाच्या आधी पाहुणा बनून एक दिवस सेंटर बघा. ऑक्सिजन किट कुठे आहे विचारा. दाखवतात की शोधतात, तेवढ्यात कळतं. पाहुण्यांकडून आजारांचा फॉर्म भरून घेतात का, की फक्त सही? दम्याचा माणूस आला तर परत पाठवतात का? इन्स्ट्रक्टरचा नंबर पाडीच्या साइटवर तपासता येतो, तो तपासा. लाजू नका.

थायलंडचं पण विचारलंय दोघांनी. को ताओ भारी आहे, पण टुरिस्ट व्हिसावर काम करणं तिथे बेकायदा आहे. वर्क परमिटचं बोलणं न करणाऱ्या सेंटरला नमस्कार करून पुढे जा. अंदमानात निदान तो प्रश्न नाही, आपण आपल्याच देशात.

पावसाळ्यात काय करता, हा शेवटचा प्रश्न. मी घरी येतो. रेग्युलेटर सर्व्हिसिंग शिकलोय, त्याचे थोडे पैसे मिळतात, बाकी बाबांची जाळी. मालवणातलं स्कूबाही तेव्हा बंदच असतं. वर्षाचे आठ महिने कमाई धरून बारा महिन्यांचा खर्च बसवा, नाहीतर जूनमध्ये घरी पैसे मागायची वेळ येते. मी दोनदा मागितलेत.

आणि हो, परतीचं तिकीट काढताना शेवटच्या दिवशी डाइव्ह ठेवू नका. लागोपाठ डाइव्ह केले असतील तर विमानाआधी किमान 18 तास कोरडे राहा. एकदा माझं तिकीट याच्यामुळे बुडालं होतं, आणि ते परत काढायला जे पैसे गेले, त्यात त्या काकांची पाचशेची नोट पण होती. चला, पुढच्या भागात भेटू.