नांगराने राखलेली सीमा

(सीमाप्रदेशातील वसाहती या विषयावर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



सीमा म्हटले की काटेरी कुंपण आणि त्यापाशी जागता पहारा देणारा जवान आपल्या डोळ्यांसमोर उभा राहतो. त्या जवानापुढे आपण नतमस्तक आहोतच. परंतु ज्या सीमेच्या पाठीशी शेत नाही, बाजार नाही, चूल पेटलेले घर नाही, ती सीमा किती काळ टिकणार? या प्रश्नाचे उत्तर राजस्थानच्या उत्तर टोकावरील एका नगराने दिले आहे. त्याचे नाव श्रीगंगानगर. भारतातील नगरांचे वय शतकांत मोजण्याची आपल्याला सवय आहे. या नगराला मात्र अजून पुरती शंभर वर्षेही झालेली नाहीत.

शतकापूर्वी हा प्रदेश बिकानेर संस्थानातील ओसाड वाळवंट होता. रामनगर नावाची लहानशी वस्ती होती. पाऊस पडला तर बाजरी, मटकी, गवार पिकायची, नाही पडला तर माणसे गुरे घेऊन देशोधडीला लागायची. १८९९-१९०० चा दुष्काळ विक्रम संवत १९५६ मध्ये पडला, म्हणून लोक त्याला ‘छप्पनिया’ म्हणतात. त्या वेळी महाराजा गंगासिंह अवघे एकोणीस वर्षांचे होते. प्रजेचे हाल त्यांनी पाहिले आणि एक गोष्ट मनात पक्की केली. अन्नछत्रांनी दुष्काळ सरत नाही, त्यासाठी पाणीच आणावे लागते.

पण पाणी होते सतलजमध्ये, म्हणजे परक्याच्या हद्दीत. पंजाब सरकार आणि बहावलपूर संस्थान यांच्याशी दीर्घकाळ वाटाघाटी झाल्या आणि १९२० मध्ये त्रिपक्षीय करार झाला. १९२५ मध्ये कालव्याचे काम सुरू झाले. फिरोजपूरहून शिवपूर हेडपर्यंत सुमारे १२९ किलोमीटरचा हा कालवा. वाळूत पाणी जिरू नये म्हणून त्याला चुन्याच्या काँक्रीटचे अस्तर दिले गेले. २६ ऑक्टोबर १९२७ रोजी त्याचे उद्घाटन झाले. आजही तेथील जनता गंगासिंहांना भगीरथ म्हणते, ते उगाच नव्हे.

पाणी आले, तरी शेते आपोआप पिकत नाहीत. पंजाबातील कष्टाळू शीख आणि जाट शेतकरी येथे आले, त्यांनी जमिनी घेतल्या, वाळूचे ढिगारे सपाट केले. जमिनीची आखणी पंचवीस-पंचवीस बिघ्यांच्या मुरब्ब्यांत झाली. गावांना चक म्हणतात आणि अनेक चकांची नावे वितरिकांवरून पडली आहेत. ‘५ ई छोटी’ हे तेथे गावाचे नाव असते! ज्याची जितकी जमीन, तितका वेळ त्याची पाणीपाळी, असा घड्याळाच्या काट्यावर चालणारा शिरस्ता रुजला. त्यातून बाजारपेठ आणि बाजारपेठेतून नगर उभे राहिले. गझलगायक जगजितसिंग यांचा जन्म १९४१ मध्ये याच गावी झाला. रुक्ष वाळवंटाला पाणी मिळाले की सूरही उमलतात.

मग १९४७ उजाडले. फिरोजपूरचा बंधारा पाकिस्तानात गेला असता, तर हे सारे पुन्हा वाळूखाली गेले असते. बिकानेरचे महाराजा सादुलसिंह आणि त्यांचे मुख्य अभियंता कंवरसेन यांनी हा धोका ओळखून माउंटबॅटन यांच्यापर्यंत धाव घेतली. १७ ऑगस्टला रॅडक्लिफ निवाडा जाहीर झाला, तेव्हा फिरोजपूर भारतात होते. त्यानंतर सर्वस्व गमावून आलेली निर्वासित कुटुंबे याच भूमीत स्थिरावली. जी भूमी दोन दशकांपूर्वी स्वतःच तहानलेली होती, तिने इतरांना आसरा दिला. आज तेथील गहू, कापूस, मोहरी देशभर जाते. नागपुरी संत्र्याच्या शेजारी आपल्याकडे दिसणारा किन्नूही तेथे मोठ्या प्रमाणावर पिकतो.

मे २०२५ मध्ये ‘ऑपरेशन सिंदूर’च्या दिवसांत हे नगर रात्री अंधारात बुडवले गेले होते. तरीही शेते ओस टाकून हा प्रदेश पळाला नाही. शत्रूला हे कळते. प्रश्न आपल्याला कळते का, हा आहे.

कारण या सीमारक्षकाच्या तक्रारी जुन्या आहेत. कालव्याच्या टोकाला पुरेसे पाणी पोहोचत नाही. पंजाबातील शहरांचे आणि कारखान्यांचे सांडपाणी सतलजमध्ये मिसळते व तेच काळवंडलेले पाणी येथील लोक पितात. याच जिल्ह्यातील घडसाना-रावला भागात २००४ मध्ये इंदिरा गांधी कालव्याच्या पाण्यासाठी शेतकऱ्यांनी आंदोलन केले आणि गोळीबारात आपल्याच माणसांचे प्राण गेले. हा डाग कोणा एका पक्षाचा म्हणून सोडून देता येणार नाही. सीमेवरील शेतकऱ्याला पाणी मागण्यासाठी रस्त्यावर यावे लागणे, हे सबंध राष्ट्राचे अपयश आहे.

मित्रहो, २०२७ मध्ये या कालव्याला शंभर वर्षे पूर्ण होतील. त्या वेळी सोहळे होतील, पुतळ्यांना हार घातले जातील. परंतु खरी शताब्दी साजरी होईल ती शेवटच्या चकातील शेवटच्या शेतात पुरेसे आणि स्वच्छ पाणी पोहोचेल त्या दिवशी. जवानाला शस्त्र पुरवणे हे जसे आपले कर्तव्य, तसेच त्याच्या पाठीशी नांगर धरून उभ्या असलेल्या किसानाला पाणी पुरवणे हेही आहे. एवढे स्मरण ठेवावे, ही विनंती करून मी थांबतो.