'कापड' : एका नित्याच्या शब्दाची उकल



ज्या समाजात अनेक घरांची चूल कापडाच्या दुकानावर पेटली, तेथे 'कापड' या शब्दाचा अर्थ कोणी विचारीत नाही. तथापि या साध्या शब्दाच्या घडीत किती पदर आहेत, हे पाहण्यासारखे आहे.

मराठीत कापड म्हणजे न शिवलेले वस्त्र, तर कपडा म्हणजे शिवलेले. गिऱ्हाईक कापड घेते आणि शिंप्याकडून कपडे आणते. गोव्यात मात्र कोकणी बोलणाऱ्या स्त्रिया कापड 'नेसतात', कारण तेथे कापड म्हणजे साडी. तेथील 'कुणबी कापड' प्रसिद्धच आहे. गुजरातीत 'कापडुं' म्हणजे चोळी. जुन्या मराठीत 'कापडी' म्हणजे तीर्थयात्रा करणारा, आणि आज कापडी म्हणताच पिशवी आठवते.

हा शब्द आला कोठून? दुकानात त्याचे सोपे उत्तर मिळते, की ताग्यातून कापून द्यायचे म्हणून कापड. उत्तर मनाला पटते, पण प्रमाणाला उतरत नाही. 'कापणे' हे क्रियापद संस्कृत 'कल्पयति' वरून, प्राकृत 'कप्पेइ' मार्गे आले आहे. संस्कृतात न्हाव्यासही 'कल्पक' म्हणत. गंमत अशी की 'कल्पसूत्र' या पवित्र नावातील 'कल्प' त्याच धातूचा आहे. मुनींना अमुक वस्तू 'कल्पते' असे आपण म्हणतो, तेही त्याच कुळातले.

'कापड' शब्दाचे कूळ वेगळे आहे. संस्कृत 'कर्पट', प्राकृत 'कप्पड' आणि मराठी 'कापड' अशी त्याची वाटचाल आहे. कर्म, कम्म, काम यांची वाट तीच. परंतु 'कर्पट' म्हणजे भरजरी वस्त्र नव्हे, तर चिंधी, ठिगळ, जीर्ण वस्त्र! फाटके वस्त्र पांघरून तीर्थे हिंडणारा तो 'कार्पटिक', आणि त्याचाच पुढे 'कापडी' झाला. लाखोंची उलाढाल ज्या नावाने होते, ते नाव मुळात एका चिंधीचे आहे.

तिसरा शब्द 'कापूस'. त्याचे मूळ 'कर्पास', प्राकृतात 'कप्पास'. प्राकृताने जोडाक्षरे सोपी केली आणि तीन शब्द एकाच 'कप्प' या सुतात ओवल्यासारखे दिसू लागले. राल्फ टर्नर यांच्या १९६६ च्या भारतीय आर्यभाषांच्या तुलनात्मक कोशात कर्पट आणि कर्पास यांच्या नोंदी स्वतंत्र आहेत.

मग कर्पट आणि कर्पास यांचे तरी मूळ कोणते? येथे विद्वानांचे एकमत नाही. हे शब्द आर्यपूर्व भाषांतून संस्कृतात आले असावेत, असे काहींचे मत आहे. मोहेंजोदडोच्या उत्खननात चांदीच्या भांड्याला चिकटलेले सुती कापड मिळाले. म्हणजे वस्तू फार प्राचीन. तेव्हा तिचे नावही तितकेच जुने असू शकेल. ग्रीक 'कार्पासोस' आणि लॅटिन 'कार्बासुस' हे शब्द दाखवतात की मालाबरोबर नावही समुद्रापार गेले.

ज्यांचे मूळ संस्कृतात सापडत नाही, अशा शब्दांना आपले आचार्य 'देश्य' म्हणत. बाराव्या शतकात आचार्य हेमचंद्रांनी अशा शब्दांचा 'देशीनाममाला' हा कोशच रचला. मूळ सापडत नाही म्हणून त्यांनी शब्द टाकून दिले नाहीत. ते जपून नोंदवले. व्यापाऱ्यालाही हाच धडा घेण्यासारखा आहे. वहीत जमा नसलेली रक्कम जमा दाखवू नये. तसेच शब्दाला नसलेले कूळ चिकटवू नये.

बंधूंनो, १९५६ च्या वजनमापांच्या कायद्यानंतर वार जाऊन मीटर आला. तयार कपड्यांनी तागा दुर्मिळ केला. नव्या पिढीच्या तोंडी 'फॅब्रिक' आले. त्यात दोष कोणाचा नाही. परंतु वार, गज, तागा, थान हे शब्द आजही आपल्या माळ्यावरच्या जुन्या चोपड्यांत लिहिलेले आहेत. दरवर्षी घराच्या साफसफाईत अशा कित्येक वह्या रद्दीत जातात. भावी अभ्यासकाला एखाद्या शब्दाचा माग त्यांतच लागेल. त्या रद्दीत देण्यापूर्वी एकदा उघडून पाहाव्यात, जाणत्यास दाखवाव्यात आणि जपाव्यात, एवढीच या सुवर्णमहोत्सवी वर्षात नम्र विनंती.

जय जिनेंद्र!