पेशीविज्ञानाची पदवी आणि आपली मुले
(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



दरवर्षी निकाल लागले की ज्ञातीतील पालक आम्हांस विचारतात, "वैद्यकीय प्रवेश हुकला, एका खासगी विद्यापीठात पेशीविज्ञान मिळते आहे, मुलीला घालावे काय?" प्रश्न लहान नव्हे. अशा शिक्षणाच्या शुल्कापायी कित्येक घरांची सारी शिल्लक खर्ची पडते. म्हणून आज त्याविषयी चार शब्द बोलण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम हे सांगितले पाहिजे की, पेशीविज्ञान हे वैद्यकात न जमलेल्यांचे आश्रयस्थान नव्हे. ते स्वतंत्र शास्त्र आहे, आणि ते बुद्धीइतकेच हातांचे आहे. याचे एक उदाहरण पाहा. मनुष्याच्या पेशीत गुणसूत्रे ४८ आहेत, असे १९२३ साली पेंटर यांनी मांडले आणि तोच आकडा तीस वर्षांहून अधिक काळ ग्रंथांतून छापला गेला. १९५६ साली स्वीडनमधील लुंड येथून चिओ आणि लेव्हान यांनी दाखवून दिले की, तो आकडा ४६ आहे. आधीचे विद्वान अडाणी नव्हते. त्यांच्यापुढे गुणसूत्रांचा गुंता होता. या दोघांनी काचपात्रात वाढविलेल्या पेशी घेतल्या, कोल्चिसीनने त्यांचे विभाजन मध्येच थांबविले आणि सौम्य द्रावणाने त्या फुगविल्या. गुणसूत्रे सुटी झाली व मोजता आली. हात सुधारला, तेव्हा सत्य दिसले.

यावरून पालकांनी घ्यावयाचा बोध उघड आहे. विद्यापीठाचे प्रवेशद्वार पाहून भुलू नये, प्रयोगशाळा पाहावी. पेशी ३७ अंश सेल्सिअसवर वाढविणारे उबवणी यंत्र आणि हवा गाळून घेणारा निर्जंतुक कक्ष तेथे आहे काय? तो नित्य वापरात आहे, की पाहुण्यांना दाखविण्यापुरता? एका सूक्ष्मदर्शकामागे विद्यार्थी किती? दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनाच विचारावे की, ट्रायपॅन ब्लू घालून मेलेल्या निळ्या व जिवंत बिनरंगी पेशी त्यांनी स्वतः मोजल्या, की गुरुजींनी मोजलेल्या पाहिल्या? शिक्षक स्वतः संशोधन करतात काय, आणि पदवीच्या मुलांना त्यात हात घालू देतात काय? पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यादीवरून पडताळून घ्यावा, हे तर सांगावयास नकोच.

या प्रश्नांना समाधानकारक उत्तरे मिळाली, तर विद्यापीठ खासगी आहे एवढ्यावरून नाक मुरडण्याचे कारण नाही. न मिळाली, तर जवळच्या साध्या महाविद्यालयातील चांगली प्रयोगशाळा शतपट बरी.

आणखी एक गोष्ट. संशोधनात जावयाचे तर पदवीवर थांबून चालत नाही, पुढे बहुधा एम.एस्सी. व पीएच.डी. करावी लागते. पुण्यातील राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रासारख्या संस्था आपल्या दाराशी आहेत. परंतु तेथवरची वाट लांब आहे. सारी पुंजी पहिल्याच पायरीवर वेचू नये. मुलीच्या लग्नासाठी राखलेला पैसा तिच्या शिक्षणास लावताना मात्र हात आखडू नये.

शेवटी कार्यकारी मंडळास आमची विनंती आहे की, ज्ञातीचा शिष्यवृत्ती निधी केवळ भावी डॉक्टर व इंजिनिअर यांच्यापुरता न ठेवता सूक्ष्मदर्शकापाशी बसणाऱ्या मुलामुलींसही खुला करावा.