गवताचे मूळ आणि मातीतील चढाओढ
(एका व्याख्यानाचे शब्दांकन)



एखाद्या गोष्टीला तुच्छ लेखायचे तर आपण ‘तृणवत्’ म्हणतो. परंतु त्या तृणाचे मूळ जमिनीखाली अन्नासाठी किती झुंजते, हे जाणले तर हा शब्द जपून वापरावासा वाटेल.

हवेत ७८ टक्के नत्र आहे. पण गवताला ते थेट घेता येत नाही. त्याला नत्र लागते ते मुख्यतः अमोनियम वा नायट्रेटच्या रूपात, मातीतून. आणि मातीत ते सर्वत्र सारखे नसते. कुठे शेण पडते, कुठे कीटक मरतो, कुठे जुने मूळ कुजते. तेवढ्यापुरता नत्राचा साठा होतो आणि ओसरतो.

हा साठा मोकळा करतात सूक्ष्मजीव. म्हणजे अन्न शिजवणारे तेच आणि पंगतीला प्रथम बसणारेही तेच! त्यांच्या शरीरात नत्राच्या एका भागास कर्बाचे सुमारे आठ भाग असतात. काडात कर्ब फार, नत्र अल्प. असे काड कुजवताना कमी पडणारे नत्र ते आसपासच्या मातीतून ओढून घेतात. अर्धवट कुजलेले खत घातल्यावर पीक पिवळे पडते, त्याचे एक मोठे कारण हेच.

मग मुळे जगतात कशी? पहिली फेरी सूक्ष्मजीव जिंकतात, कारण ते असंख्य आहेत आणि झपाट्याने वाढतात. पण त्यांचे आयुष्य अल्प. मातीतील आदिजीव आणि सूत्रकृमी त्यांना खातात, तेव्हा नत्राचा काही भाग पुन्हा मोकळा होतो. मूळ मात्र दीर्घकाळ टिकते आणि मिळालेले नत्र सहजी सोडत नाही. प्रत्येक फेरीत थोडे थोडे साठवीत अखेरीस तेही आपला वाटा मिळवते.

१९७५ मध्ये माल्कम ड्रू यांनी जवाच्या मुळांच्या एकाच पट्ट्यास भरपूर नायट्रेट दिले. तेथेच उपमुळांचे दाट जाळे झाले. जव हेही गवताच्याच कुळातले. परंतु नायट्रेट तर ओल्या मातीत सहज वाहते, विरळ मुळांनाही ते पुरेसे मिळते. मग हा खर्च कशासाठी? १९९९ मध्ये डेव्हिड रॉबिन्सन, अँजेला हॉज आणि सहकाऱ्यांनी गवताच्या दोन जाती शेजारी-शेजारी वाढवून उत्तर शोधले. सेंद्रिय साठ्यात ज्या जातीची मुळे अधिक लांब पसरली, तिने नत्राचा मोठा वाटा उचलला. एकट्या रोपाचा अभ्यास करून हे उमगले नसते. शेजारी स्पर्धक असला, तरच त्या खर्चाचा अर्थ कळतो.

म्हणून शेतकरी बांधवांना एवढेच सांगणे : शेणखत पूर्ण कुजू द्या. काड गाडायचेच असेल तर पेरणीपूर्वी काही आठवडे गाडा. सूक्ष्मजीवांची पंगत उठू द्या; त्यांनी मागे सोडलेल्या नत्रावरच आपल्या पिकाचे पान वाढले जाणार आहे.