पुस्तक छापून झालं, आता पुढे?

स्वखर्चाने पुस्तक काढणाऱ्याचं खरं काम गठ्ठे घरी आल्यावर सुरू होतं. पुष्कळ जण प्रकाशन समारंभावरच सगळा पैसा उधळतात. शाल-श्रीफळ, पाहुणे, अल्पोपाहार, आणि प्रती मात्र भेट म्हणून वाटल्या जातात! माझं मत विचाराल, तर हा खर्च टाळावा.

आधी कागदोपत्री कामं उरका. आयएसबीएन क्रमांक छपाईआधीच घेतलेला असावा; तो राजा राममोहन रॉय एजन्सीकडून लेखकाला स्वतः अर्ज करून विनाशुल्क मिळतो. 1954 च्या कायद्यानुसार प्रकाशनानंतर 30 दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला, तसंच मुंबई, चेन्नई आणि दिल्लीतल्या नेमून दिलेल्या ग्रंथालयांना एकेक प्रत पाठवायची असते.

किंमत ठरवताना विक्रेत्याची सवलत विसरू नका. 200 रुपयांच्या पुस्तकावर 40 टक्के सवलत दिली, तर हाती उरतात 120. छपाई आणि टपालखर्च त्यातूनच भागवायचा.

परीक्षणासाठी प्रत पाठवताना सोबत चार ओळींची चिठ्ठी जोडा: पुस्तक कशाबद्दल आहे, कोणी वाचावं. स्वतःची स्तुती नको, ती संपादक वाचत नाहीत. शिवाय आपला वाचक भेटतो तिथे जा. भातशेतीवरचं पुस्तक साहित्य संमेलनापेक्षा कृषी प्रदर्शनात जास्त खपेल. तिथे क्यूआर कोडची पाटी आणि सुटे पैसे, दोन्ही जवळ ठेवा.

आणि हो, या आठवड्यात गावातल्या ग्रंथपालांना भेटा. त्यांची पुस्तकखरेदी कधी होते, तेवढं नक्की विचारून या.